मागून हाक आली नाही

आमच्या कॉलेजला आलेली ती फेलोशिप माझी होती. हे मी आजही म्हणतो. ज्याला माझं बोलणं कडवट वाटतं त्याला खुशाल वाटू द्या.

फेलोशिप म्हणजे तीन वर्षांची पगारी रजा, पुण्यात राहायचं आणि पीएच.डी. पुरी करायची. तालुक्याच्या गावातल्या कला महाविद्यालयाला अशी संधी क्वचित मिळायची, तीही एकाच प्राध्यापकाला. वयाची अट चाळिशीच्या आतली. मी एकोणचाळीस पुरे केले होते. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

मी आणे गावाच्या पठारावरचा. घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. बाप बेल्ह्याच्या बाजारात बैलांचा दलाल होता. शाळेत असल्यापासून मी त्याच्या शेजारी उभा राहायचो. पुढं स्वतः सौदे जमवले आणि त्या पैशांवर एम.ए. झालो. पहिल्या बोलीला हो म्हणायचं नाही, हे त्या बाजारात तान्ह्या पोरालाही कळतं. आधी ‘नको’ म्हणायचं, पाठ फिरवायची आणि चालू लागायचं, पण सावकाश. वाटेत वहाणेतला खडा काढायला थांबायचं. तेवढ्यात मागून हाक येते, “या की राव, असं कुठं निघाला?” तिथून खरं बोलणं सुरू होतं.

कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवायचो. शिवाय एक आधार वर्ग घ्यायचो. तळेघरकडची मुलं डोंगरातून पायी उतरून एसटी धरायची. तास दुपारी संपायचे आणि त्यांची परतीची गाडी संध्याकाळी असायची. मधल्या वेळात ती झाडाखाली बसून राहायची. मी त्यांना वर्गात नेऊन बसवलं. उत्तर कसं मांडायचं, शब्दकोश कसा पाहायचा, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, सगळं पहिल्यापासून शिकवलं. नापास होणारी मुलं पास व्हायला लागली. मला हे करायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझ्याऐवजी करायलाही कुणी पुढं येत नव्हतं.

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते निरगुडसरच्या शेतकरी घरातले, पण कॉलेजात बोलायचे ते छापील पुस्तकासारखं. शेजारी हेडक्लार्क वही उघडून बसले होते.

“फेलोशिपसाठी तुमचं नाव पाठवू या,” प्राचार्य म्हणाले. “एकच अपेक्षा आहे. तिन्ही वर्षं दर शनिवारी येऊन आधार वर्ग घ्यायचा.”

रजेवरच्या माणसाला शिकवायला बोलावता येत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं. मी मनात हिशेब केला, महिन्यातून एका शनिवारावर आणू. डोकंही तापलं होतंच.

“दर शनिवारी? असली फेलोशिप मला नको,” मी म्हणालो आणि उठलो.

केबिनच्या दाराशी वहाणा काढायची पद्धत होती. मी एकेक पट्टा सावकाश लावला. मग पुन्हा सोडून लावला. हाक आली नाही. व्हरांड्यात पाण्याच्या टाकीशी दोन पेले पाणी प्यायलो. तरीही नाही.

दुसऱ्या दिवशी कळलं, इतिहासाच्या प्राध्यापकाचं नाव गेलं. पिवळ्या पडलेल्या वहीतून वर्षानुवर्षं तेच वाचून दाखवणारा माणूस. मी ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटला. हेडक्लार्कनं वही माझ्यापुढं फिरवली. त्यात लिहिलं होतं, ‘संबंधित प्राध्यापक इच्छुक नाहीत.’

“सर, तुमचा शब्द नोंदला गेलाय,” ते म्हणाले. “आता ओरडून काय उपयोग?”

आवाज ऐकून प्राचार्य बाहेर आले. मी म्हणालो, “सर, तुम्हीही बाजार केलाय. पहिला ‘नको’ कशासाठी असतो, तुम्हाला कळत नाही?”

“हे महाविद्यालय आहे,” ते सगळ्यांदेखत म्हणाले. “बैलबाजार नव्हे.”

स्टाफरूममध्ये त्या वाक्याचं हसू बरेच दिवस पुरलं. इतिहासवाल्यानं सगळे शनिवार कबूल केले होते. तो एकाही शनिवारी आला नाही. तीन वर्षांनी डॉक्टर होऊन परतला आणि पुढं उपप्राचार्य झाला. मी होतो तिथंच राहिलो. आधार वर्गही तसाच चालू राहिला. मुलांवर राग काढण्याइतका मी हलका नाही.

पुढं प्राचार्य निवृत्त होऊन शेती बघायला लागले. एका दिवाळीच्या सुट्टीत मी बेल्ह्याच्या बाजारात माझ्या बापाच्या ओळखीच्या दलालाशी बोलत उभा होतो. पलीकडं एका बैलाचे दात बघत प्राचार्य उभे. तो बैल नेमका याच दलालाचा होता. त्यानं इथूनच किंमत सांगितली.

“लई सांगता भाऊ. न्हाई परवडायचं,” ते म्हणाले, पाठ फिरवली आणि चालू लागले. सावकाश. लिंबाखाली थांबून वहाण झटकली.

दलाल हाक मारायला तोंड उघडणार, तोच मी त्याचा दंड धरला.

“आवो मास्तर, माझं गिऱ्हाईक चाललं!”

“जाऊ दे जरा.”

प्राचार्यांनी दुसरीही वहाण झटकली. मग वळून स्वतःच परत आले. “आरं, हाक तरी मारायची राव!” म्हणाले, आणि मग त्यांना मी दिसलो.

“सर, तुमचा शब्द नोंदला गेलाय,” मी म्हणालो.

“तवा केबिनमधनं दिसत व्हतं मला,” ते म्हणाले. “पट्टा दोनदा लावला तुमी. पण तुमाला सोडलं असतं तर डोंगरातली पोरं कुणाच्या पदरात घातली असती? त्या इतिहासवाल्याच्या?”

“हे तेव्हाच सांगितलं असतं, तर मी दर शनिवारी आलो असतो.”

“म्हणून तर न्हाई सांगितलं. एका शनिवारानं पोरांचं भागत न्हाई. तुमी हो म्हटला असता तर पाठवावं लागलं असतं.”

म्हणजे ती अट माझ्या नकारासाठीच घातली होती. माझ्याच बाजारात शिकलेल्या चालीनं त्यांनी मला बांधून ठेवलं, वर मला बैलबाजाराचा म्हणून हिणवलं.

“मास्तर, काय करायचं मग?” दलालानं विचारलं. बापाच्या नावावर माझा शब्द तिथं अजून चालत होता.

“बैल आज दावणीलाच राहू दे, भाऊ.”

त्यानं राहू दिला. प्राचार्यांनी आणलेला टेम्पो रिकामा परत गेला. मी तो रस्त्याला लागेपर्यंत बघत उभा राहिलो आणि मग चहा प्यायला गेलो.