टाचणीकाकूंचा पासवर्ड

टाचणीकाकूंच्या तोंडात दिवसभर टाचण्या असत, म्हणून हे नाव. ओठांच्या एका कोपऱ्यात चार-पाच टाचण्या धरून त्या दुसऱ्या कोपऱ्यातून बोलत, आणि इतकं स्पष्ट बोलत की तोंड रिकामं असलेल्या माणसानं लाजावं. तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, कापायचं टेबल, आरसा, पडद्याआड कपडे घालून बघायची जागा आणि गिऱ्हाइकांसाठी तीन खुर्च्या. काम दुरुस्तीचं. पँट आखूड करायची, चेन बदलायची, वजन वाढलं की कोट उसवून सैल करायचा. वजन उतरलं म्हणून कोट आवळायला आलेलं गिऱ्हाईक तीस वर्षांत दोनदाच पाहिलं, असं त्या सांगत, आणि त्यातलं एक आजारी होतं.

मागच्या खोलीत सासरे. ते एके काळचे नावाजलेले कटिंग मास्तर. काकूंचा नवरा ऐन तारुण्यात गेला तेव्हा मास्तर फार काही बोलले नाहीत. "रडून झालं की टेबलापाशी ये," एवढंच म्हणाले आणि सुनेच्या हातात कात्री दिली. त्याहून चांगलं सांत्वन जगात कुणी कुणाचं केलेलं नाही, असं काकूंचं ठाम मत. आता मास्तर पंच्याऐंशीचे होते आणि आठवण पार गेली होती. सकाळचे दहा वाजले की ते दुकान उघडायला उठत. दुकान बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती आणि पायांत उभं राहण्याइतकंही त्राण नव्हतं, पण दहा वाजलेले मात्र त्यांना बरोबर कळत.

सुनेनं सासऱ्याचं इतकं केलेलं पाहिलं नाही, असं सगळी गल्ली म्हणे. पोटची मुलगी करणार नाही, असंही म्हणे. काकू मान खाली घालून ऐकत, पण ऐकत शेवटपर्यंत. माणसाला कशाचा तरी अभिमान लागतो, आणि काकूंना तो याचा होता.

मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. गेल्या वर्षी चार दिवसांसाठी आला आणि घराला वाय-फाय लावून गेला. आजोबांच्या खोलीत टीव्ही बसवला, वर कोपऱ्यात कॅमेरा बसवला. पुढच्या खोलीत यंत्रावर बसल्या बसल्या आईला फोनमध्ये आजोबा दिसावेत, हा हेतू. आईच्या डोक्यात पासवर्ड टिकत नाहीत हे त्याला ठाऊक, म्हणून त्यानं अशी सोय केली की फोन घरच्या वाय-फायवर असला की नुसतं बोट लावून कॅमेरा उघडावा. आणि मग बजावलं, "आई, हे घरचं वाय-फाय गिऱ्हाइकांना देऊ नकोस. त्यांच्यासाठी वेगळं केलंय, 'पाहुणे' नावाचं. त्यावर त्यांचं नेट चालेल, पण आपलं घरातलं काही त्यांना दिसणार नाही."

काकूंनी आठवडाभर ऐकलं. पण ते पाहुण्यांचं वाय-फाय गोगलगायीसारखं चाले आणि दर तासाला तुटे. खुर्च्यांवरून कुरकुर सुरू झाली. आता काकूंचा धंद्यातला एकच नियम: गिऱ्हाइकाला हातचं राखून द्यायचं नाही. दुसरे शिंपी शिवणीलगतचं जादा कापड कापून टाकत. काकू मात्र शिवणीच्या आत दोन बोटं माया सोडत, पुढेमागे कपडा सैल करता यावा म्हणून. तोच न्याय त्यांनी वाय-फायला लावला. दाट दूध आपल्याला आणि पाणी घातलेलं लोकांना, हे काही त्यांना पटेना. त्यांनी घरचा पासवर्ड पाटीवर खडूनं ठळक लिहिला आणि पाटी आरशाशेजारी टांगून दिली. मुलगा लांबून सांगतोय, त्याला काय जातंय सांगायला.

एकदा इशारा मिळाला होता. व्यायाम शिकवणारी एक तरुण बाई खुर्चीत बसून फोनवर काही लावायला गेली आणि ते लागलं मागच्या खोलीतल्या टीव्हीवर. "आता गुडघे छातीपर्यंत," असा हुकूम घुमला, आणि मास्तरांचं नम्र उत्तर आलं, "नाही जमत हो बाई." काकू इतक्या हसल्या की टाचण्या जमिनीवर. शहाण्यानं त्याच दिवशी पाटी पुसली असती. काकूंनी तो किस्सा महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगवून सांगितला.

शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. गणवेशांचा ढीग टेबलावरून ओसंडत होता, सकाळपासून यंत्र थांबलं नव्हतं. अकराच्या सुमाराला वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई दार ढकलून आत आल्या. त्यांना धाप लागली होती आणि हाताला कणीक चिकटलेली होती.

"मास्तर पडलेत," त्या म्हणाल्या. "आतल्या खोलीत. चला लवकर."

मास्तर पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत पडले होते, एक पाय अंगाखाली दुमडलेला. यंत्राच्या आवाजात काकूंना काही ऐकूच आलं नव्हतं. दोघींनी मिळून त्यांना वर घेतलं. नर्सबाईंनी कंबर, मांड्या, मनगटं चाचपून पाहिली. हाड मोडलं नव्हतं, कपाळाला टेंगूळ तेवढं आलं होतं. "आज शटर फार जड लागतंय," मास्तर म्हणाले आणि घोटभर पाणी प्याले.

काकूंच्या जिवात जीव आला, आणि तो आल्यावर मग डोकं चालू लागलं.

"पण तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर वर होतात."

नर्सबाईंनी फोन पुढे केला. काकूंनी पाहिलं आणि त्यांना कळेचना आपण काय पाहतोय ते. फोनमध्ये हीच खोली होती. पलंगावर मास्तर, शेजारी दोन बायका, आणि त्यातल्या पाठमोऱ्या बाईचे टाळूवरचे केस विरळ झालेले. ती बाई आपण आहोत हे ध्यानात आलं तेव्हा काकूंनी मान वळवून कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"स्वेटरची चेन बदलायला आले होते, तेव्हा पाटीवरून पासवर्ड घेतला," नर्सबाई म्हणाल्या. "वर माझ्या स्वयंपाकघरातसुद्धा पोचतं तुमचं. एक दिवस फोनमधल्या यादीत 'आजोबांची खोली' असं नाव दिसलं. चुकून बोट लागलं. त्याच वेळी बंद करायला हवं होतं. नाही केलं."

"कधीची गोष्ट?"

"दोन महिने झाले असतील." मग त्यांची नजर पलंगाच्या कठड्याकडे गेली. "आज पट्टा बांधायचा राहिला का?"

काकू पलंगावर बसल्या. हा पट्टा जगात दोनच माणसांना माहीत होता, आणि त्यातलं एक सगळं विसरणारं होतं. मास्तर तीनदा पडल्यावर काकूंनी तो स्वतः शिवला होता. आतून मखमल, कडेला दुहेरी शिवण, मनगटाला काचू नये म्हणून. दहाला बांधायचा, एकला सोडायचा, आणि तेवढ्या वेळात यंत्रावरचं काम उरकायचं. पहिल्या दिवशी बांधताना त्या रडल्या होत्या. नंतर रडू येईनासं झालं, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटे. ज्या माणसानं आपल्या हातात कात्री दिली त्याचा हात आपण खाटेला बांधतो, हे त्या स्वतःशीसुद्धा मोठ्यानं म्हणत नसत. आज गणवेशांच्या घाईत बांधायचा राहून गेला होता.

"मी कुणाजवळ बोललेले नाही," नर्सबाई म्हणाल्या. "वॉर्डात आम्हीही बांधायचो. तरी दोन महिने विचार करतेय, तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं. मला काही सुचलेलं नाही." हाताची कणीक खरवडत त्या वर निघून गेल्या.

काकूंनी पुढच्या खोलीत येऊन पाटी आधी पुसली. मग त्या तीन खुर्च्यांकडे बघत उभ्या राहिल्या. वर्षभरात या खुर्च्यांवर कोण कोण बसलं असेल, आणि पोटचीही करणार नाही असं म्हणणाऱ्यांतल्या कुणाकुणाचं बोट चुकून लागलं असेल? झाकली मूठ आपली आपणच पाटीवर उघडून ठेवली होती. त्यांनी मुलाला फोन लावला.

आजोबा पडले, ठीक आहेत, हे आधी सांगितलं. मग पाटीचं सांगितलं. मुलगा रागावला नाही. इथे दाब, तिथे दाब, असं तो सांगत गेला आणि काकू दाबत गेल्या. घरचा पासवर्ड बदलला. पाहुण्यांच्या वाय-फायचा वेग वाढवला, तासाला तुटणं काढून टाकलं. घरातली उपकरणं पाहुण्यांना दिसू द्यायची का, या प्रश्नापुढचं बटण बंदच आहे ना, तेही पाहून घेतलं.

"झालं," मुलगा म्हणाला. "आता कॅमेरा फक्त घरच्यांना."

काकूंनी विचार केला, हे दुसऱ्या कुणाकडून त्याच्या कानावर जाण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. पोराच्या मनातून उतरलो तर उतरलो. तोंडातल्या टाचण्या काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या.

"ऐक, मला एक सांगायचंय. मी रोज सकाळी आजोबांचा हात..."

"माहितीये मला, आई."

"काय माहितीये?"

"पट्टा. मी रोज बघतो इथून, पासवर्ड टाकून. दहाला बांधतेस, एकला सोडतेस. बांधल्यावर आत एक बोट घालून बघतेस, घट्ट नाही ना झाला. आज मीटिंगमध्ये होतो, म्हणून पडलेले दिसले नाहीत."

पोराला घड्याळाकडे बघायला फुरसत नसते, तो कॅमेरा कशाला उघडतोय, असंच त्या वर्षभर धरून चालल्या होत्या.

"वर्षभर बघतोस? मग एका शब्दानं बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर मला यावं लागलं असतं."

आतून मास्तरांनी सुनेला हाक मारली. क्षणभरानं तीच हाक फोनमधून पुन्हा ऐकू आली. मुलाच्या समोर या वेळीही कॅमेरा उघडाच होता.