मुरलेले

चीजवाल्या काकूंचा लाडका शब्द म्हणजे मुरणं. चीज मुरायलाच हवं, पण काकूंच्या मते नवरा, जावई आणि शेजारीसुद्धा मुरल्याशिवाय कामाचे नसतात. घरामागच्या थंड खोलीत फळ्यांवर ठेवलेले चीजचे गोळे त्या रोज उलटे करायच्या, अंगठ्याने दाबून बघायच्या आणि त्यांच्याशी गप्पा मारायच्या. पोटच्या लेकींशी एवढं गोड कधी बोलल्या नाहीत.

काटकसर मात्र सासूबाईंच्या तालमीतली. सासूबाई झिजलेला साबण नव्या वडीला चिकटवणाऱ्या. त्यामुळे गाईच्या कासेला सूज आली आणि गुरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं, तेव्हा काकूंच्या जिवावर आलं. औषध चालू आहे तोवर चांगलं दूध ओतून द्यायचं म्हणजे काय! सूज उतरली की औषध बंद, उरलेलं कपाटात. दुसरी गाय जरा मलूल दिसली की तिला त्यातलंच थोडं. असं बरीच वर्षं चाललं आणि सासूबाई कौतुकाने मान डोलवत राहिल्या.

सासूबाईंना सकाळी न तापवलेल्या दुधाचं ताजं चीज लागायचं. "खारट केलंस गं," म्हणत त्या दुसरा तुकडा मागायच्या. एक दिवस त्यांनी पहिलाच तुकडा बाजूला सारला. पोट बिघडलं, ताप चढला, दवाखान्यात ठेवावं लागलं. पहिलं औषध लागू पडलं नाही, दुसरंही नाही. म्हातारी कशालाच नावं ठेवेना, तेव्हा काकूंची पाचावर धारण बसली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दूध आणि चीज तपासायला पाठवलं. जे जंतू दुधात, तेच चीजमध्ये, तेच सासूबाईंच्या रक्तात.

"गाईला औषध पूर्ण दिलं होतंत?"

काकूंनी खरं ते सांगून टाकलं.

"अहो, अर्धवट औषधाने लेचेपेचे जंतू मेले. चिवट तेवढे उरले आणि त्यांचंच खटलं वाढलं. आता साध्या औषधाला दाद देत नाहीत. चांगले मुरलेत ते."

आपला शब्द आपल्याला असा ऐकावा लागेल असं काकूंना कधी वाटलं नव्हतं. घरी जाऊन त्यांनी फळ्यांवरचं सगळं चीज खड्ड्यात पुरलं आणि तिथेच बसून रडल्या.

तिसऱ्या औषधाने ताप हटला. सासूबाई घरी आल्या, मात्र गोळ्या अजून संपायच्या होत्या. उशी झटकताना काकूंच्या हाती रुमालाची पुरचुंडी लागली. आत दोन गोळ्या.

"हे काय, आई?"

"मला आता बरं वाटतंय. म्हटलं, राहू देत. तुला कधी ताप आला तर होतील."

काकू पलंगावर बसल्या. इतक्या वर्षांत या बाईने सुनेसाठी म्हणून काही राखून ठेवलं नव्हतं, आणि ठेवलं ते हे. त्यांना हसू आलं, रडूही आलं. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन करून चुकलेल्या गोळ्यांचं काय करायचं ते विचारलं आणि पाण्याचा पेला पुढे केला.

"माझ्या तापाचं मी बघेन. तुम्ही गिळा. मी इथनं हलत नाही."

सासूबाईंनी गोळी गिळली आणि मुकाट्याने तोंड उघडून दाखवलं. काकूंनी जीभ वर करायला लावली आणि खालीही बघितलं.