मुलीच्या जागी मी

नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माझ्या आठ वर्षांच्या मुलीला नाशिकमधल्या गंगापूर रोडवरच्या एका नाट्यशिबिरात घातलं. आम्ही राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला, इंदिरानगरला. तिला सोडून परत येणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून मी तिथेच मागे सतरंजीवर बसून राहायचे. तिसऱ्या दिवशी मुलीने जाहीर केलं, "मला नाही जायचं. तिथे सारखं झाड व्हायला लावतात." चौथ्या दिवशी तिचं नाव कमी करा, असं सांगायला मी एकटीच गेले.

शिबिर घेणाऱ्या बाई साठीच्या होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मुलगी नाही तर नाही. पण तीन दिवस मुलांबरोबर तुमचेच ओठ हलत होते. मोठ्यांचा वर्ग संध्याकाळी असतो. याल?"

मी बत्तीस वर्षांची होते. घरी न विचारता हो म्हणून बसले.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला मुलगा अपघातात गेल्याची बातमी कळलेली आई करायला सांगितली. मी छाती पिटून रडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "रडलात चांगलं. बातमी आली तेव्हा ती काय करत होती?"

"ते ठरवलं नाही," मी म्हटलं.

"मग ती अजून घरात आलेलीच नाही. उद्यापासून तांदूळ निवडा."

तांदूळ नव्हते, ताटही नव्हतं. रिकाम्या हातांनी निवडायचे. लहानपणापासून निवडत आले होते, पण खडा कुठल्या हाताने उचलते, ताट मांडीवर कुठे टेकतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मग घरी रोज खरे तांदूळ घेऊन बसायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "एवढे तांदूळ कशाला? कुणाचं लग्न काढलंय?"

तीन आठवड्यांनी मी वर्गात निवडत बसले असताना बाई शांतपणे म्हणाल्या, "आता बातमी आली." मी खडा उचलला होता. तो टाकायचा राहूनच गेला. चिमटीत धरून तशीच बसले. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. बाई म्हणाल्या, "आता ती घरात आली."

पुढे त्यांनी मला स्पर्धेच्या नाटकात सत्तरीच्या म्हातारीचं काम दिलं. सासऱ्यांना ते आवडलं नाही. "लोक काय म्हणतील?" एवढंच बोलून ते पेपरामागे गेले. नवरा म्हणाला, "तालमीच्या दिवशी खिचडी मी लावीन." आणि लावली, दोन महिने.

म्हातारी मला सापडत नव्हती. म्हणून मी आठ दिवस नांदगावला माझ्या आत्याकडे जाऊन राहिले. ती उठते कशी, बसते कशी, हे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी ती वैतागली. "अगं, लय बघती माझ्याकडं. काय झालंय तुला?" सांगितल्यावर मात्र मुद्दाम चारदा उठून दाखवायला लागली, आणि ते सगळं खोटं होतं. खरं तेवढं मी तिच्या नकळत उचललं.

निकालाच्या दिवशी परीक्षक नावं खालून वर वाचत होते. उत्तेजनार्थमध्ये मी नव्हते, दुसऱ्यातही नव्हते. मी पर्स आवरायला घेतली आणि अभिनयाच्या पहिल्या बक्षिसाला माझं नाव आलं. नवऱ्याने हात धरून उठवलं नसतं तर मी बसूनच राहिले असते.

नको म्हणत म्हणत प्रयोगाला आणि निकालालाही आलेले सासरे घरी जाताना रिक्षात म्हणाले, "ती म्हातारी तुझी नांदगावची आत्या ना? उठायच्या आधी पदर सावरते, मग गुडघ्यावर हात." मी हो म्हटलं. त्यानंतर माझ्या तालमींच्या वेळा घरात त्यांनाच पाठ असायच्या.

चाळिशी ओलांडली तेव्हा मुंबईच्या एका निर्मात्याने व्यावसायिक नाटकात घेतलं. मालिकाही आल्या. भूमिका बहुतेक आयांच्या आणि सासवांच्याच, पण प्रत्येकीला मी काहीतरी काम शोधून दिलं. एक वाती वळायची, एक हिशोबाने लसूण सोलायची.

त्या व्यावसायिक नाटकाचा नाशिकचा प्रयोग आठ दिवस आधीच हाऊसफुल्ल झाला. पडदा उघडला तेव्हा मी पाठमोरी उभी राहून कपडे वाळत घालत होते. लोकांनी पाठीवरूनच ओळखलं आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेचनात. वळून बघायचा मोह आवरला. दोरीवर मी आणखी दोन साड्या वाळत घातल्या, नीट झटकून, आणि मग पहिलं वाक्य बोलले.