नाव घ्यायचं राहिलं

हे मी अजून कुणाला बोललेले नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. त्याने व्हिडिओ पाहिला, पण अर्धाच — शेवटपर्यंत कुठे बघतात ही माणसं! तुम्हाला मात्र सांगून टाकते. आणि खरं सांगू? तो दिवस आठवला की अजूनही मला आधी आनंदच होतो. लाज मागून येते. हेच तर वाईट आहे ना?

माझी स्वरा बदलापुरातल्या एका छोट्या शाळेत दुसरीत होती. शाळा कसली, जुन्या बंगल्याच्या खोल्या आणि पुढे पत्र्याची शेड. बाईंनी ठरवलं, पालकांनी एक दिवस यायचं आणि आपल्या घरातलं काहीतरी मुलांना दाखवायचं. गाणं, खाणं, खेळ, काहीही. आमची पोरगी हात वर करून मोकळी — माझी आजी गाणी म्हणून लग्न लावते! बाई हरखल्या. आजींना घेऊनच या, असा मला निरोप.

लावते हो, खरंच लावते. आम्ही आगरी. आमच्या लग्नात धवलारीण लागते. मांडवात बसून धवळे गाणारी, गाण्यानेच एकेक विधी पुढे नेणारी बाई. माझी आय मोरिवलीची, म्हणजे माझ्या माहेरच्या गावची, धवलारीण आहे. आणि तिची एक रीत आहे — धवळा उचलायच्या आधी, तो जिच्याकडून शिकली तिचं नाव घ्यायचं. आय तिच्या मावशीचं नाव घेते. लग्नघरात कितीही घाई असो, ते नाव घेतल्याशिवाय तिचं तोंड उघडत नाही.

स्वराने आजीला फोन करून कळवूनही टाकलं. ‘मना शालेन बोलवलाय? मना?’ आय मला पुन्हा पुन्हा विचारत होती. ती शाळेची पायरी कधी चढलेली नाही. हिरवं लुगडं इस्त्रीला गेलं, अख्ख्या आळीला सांगून झालं.

तर त्या दिवशी शेडमध्ये सगळे होते. आय नव्हती. ती का नव्हती? सांगते. आधी तो दिवस सांगू द्या!

स्वराच्या वर्गातल्या रियाची मम्मी आली होती. सिंधी बाई, माहेर उल्हासनगर कॅम्प एकचं. डबा भरून कोकी — त्यांची ती कांदा घातलेली जाड पोळी — आणि सोबत स्वतःच्या आईला घेऊन. मायलेकींनी त्यांच्या लग्नातलं गाणं धरलं, लाडा म्हणतात त्याला, आणि बाप रे, काय तो आवाज! आजीबाई गुडघेदुखी विसरून नाचायला लागल्या. पोरं उठली, बाई उठल्या, वरचा पत्रा दणाणला. मी वारली चित्रांचे रंगवायचे कागद आणले होते, नेटवरून प्रिंट काढलेले. वारल्यांचा आणि माझा काय संबंध? काही नाही. पण दिसायला बरं ना!

ते कागद पिशवीतच राहिले. माझी पाळी आली, मी उभी राहिले आणि माझ्या तोंडून धवळाच निघाला. अंगावर काटा आला हो माझ्याच! आयेच्या मांडीला टेकून ऐकलेला तो सूर एवढी वर्षं कुठे दडला होता? धवळ्यात नवरा-नवरीची, घरच्यांची नावं गुंफतात. मी पोरांची नावं गुंफायला लागले. रिया आली, अर्णव आला, झोया आली — ज्याचं नाव येईल ते किंचाळून उडी मारायचं. एकाही पोराला मी सोडलं नाही. शेवटी टाळ्या थांबेनात. मी हवेत होते.

आणि बाईंनी, व्हिडिओ काढत असलेला फोन माझ्यावर तसाच धरून, विचारलं — कुणाकडून शिकलात हो हे?

मी म्हणाले, लहानपणी आमच्याकडे कामाला एक बाई यायची. ती गुणगुणायची.

हो. असंच म्हणाले. हसून म्हणाले.

बिल्डिंगमध्ये, शाळेत, सगळीकडे मी माहेर ठाण्याचं सांगितलेलं. आयेची ती बोली, पानाने रंगलेले दात, मोठ्याने बोलणं — मला तिथे नको होतं. म्हणून आदल्या दिवशी मी तिला फोन करून कळवलं, कार्यक्रम रद्द झाला. आणि बाईंना सांगितलं, स्वराचं काय ऐकता, तिची आजी गात-बित नाही, पोर टीव्हीवर बघते आणि बडबडते. म्हणजे पोरीलाही खोटं पाडलं. माझं उत्तर ऐकून पहिल्या रांगेतून स्वराने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

रविवारी आम्ही मोरिवलीला गेलो. मी आत चहा टाकत होते, तेवढ्यात स्वराने माझ्या फोनवर आजीला बाईंनी पाठवलेला तो व्हिडिओ लावून दिला. मी धावत बाहेर आले, पण फोन हिसकावणार कसा? आय मांडीवर थाप देत ऐकत होती. पोरांची नावं आली तशी खदखदून हसली. हरखली होती हो, माझ्याइतकीच! मग बाईंचा प्रश्न आला. मग माझं उत्तर आलं. आयेने सगळं ऐकलं.

‘बेस गायलीस गो बाय,’ ती म्हणाली. फोन स्वराच्या हातात दिला. ‘नाव रायला.’

मग तिने स्वराला विचारलं, जेवलीस का? आणि भाकऱ्या करायला उठली. इस्त्रीचं लुगडं तिथेच खुर्चीवर होतं. शाळेचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

माझ्या आयेचं नाव भिमाबाई. धवळा मी तिच्याकडून शिकले. शाळेत हे मी अजूनही सांगितलेलं नाही.