चालीचा रकाना

दोन हजार सात साली, शिमगा होऊन गेल्यावर, मुंबईहून बाबांच्या नावे एक जाड रजिस्टर पाकीट आलं. आमच्या घरात जाड पाकिटाला कुणी चांगल्या मनाने हात लावत नाही. बाबांनी सही करून ते घेतलं आणि न फोडताच माझ्यापुढे सरकवलं. मी कणकवलीच्या शाळेत शिकवायचे, म्हणजे घरातले सगळे कागद माझ्या वाटणीचे.

आत एक पत्र आणि एक फॉर्म होता. वीसेक वर्षांपूर्वी टीव्हीवर गाजलेली एक विनोदी मालिका व्हीसीडीवर येणार होती, आणि तिच्यात ज्यांचं गाणं-वाजवणं आहे त्यांची लेखी संमती कंपनीला हवी होती. एका भागात बाबा होते. पाऊण मिनिट.

पत्र मी आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. आनंद झालाच, पण त्याच्याही आधी वाटलं की हे आता कुठेतरी फिसकटणार. माझा स्वभावच तसा आहे. आई म्हणते, मी खिरीतसुद्धा खडा शोधते.

त्या काळी बाबा मुंबईत एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि संध्याकाळी आमच्या गाववाल्यांच्या भजन मंडळात गायचे. मंडळाचे ते बुवा, म्हणजे मुख्य गाणारे. मालिकेत एक खडूस घरमालक होता. भाडेकरूंना दम द्यायला तो जिना उतरतो, तोंड उघडतो, आणि नेमकं खालच्या खोलीत भजन सुरू होतं, असा प्रसंग. त्यासाठी खरेखुरे भजनी हवे होते म्हणून आमचं मंडळ स्टुडिओत गेलं. आमच्या भजनात जो गजर म्हणतात, तो पुष्कळदा सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर असतो. शब्द देवाचे, चाल सिनेमाची, आणि समोरच्याने ती ओळखून मान डोलावली की बुवा जिंकला. बाबांनी तिथे बसल्या बसल्या अर्ध्या तासात एक गजर रचला. घरमालक चाल ओळखतो, शिव्या विसरतो आणि जिन्यातच ठेका धरतो. सगळा विनोद त्या चालीत होता.

पाकीट आलं तेव्हा बाबांना आवाज नव्हता. चार वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं होतं. जीव वाचला, आवाज गेला. जे बोलायचं ते पाटीवर लिहून. पाटी मीच शाळेतून आणून दिली होती.

त्यांच्या गाण्याच्या दोन कॅसेटी घरात होत्या. एकीला आमच्या दमट हवेत बुरशी आली. दुसरीवर दहावीच्या सुट्टीत मी रेडिओवरची गाणी टेप करून ठेवली होती. तेव्हा कुणी मला ओरडलंही नाही, कारण गाणारा माणूस घरातच होता. पुढे कितीदा ती कॅसेट लावून मी दोन गाण्यांमधल्या फटीत कान देऊन बसले असेन. काही उरलेलं नव्हतं.

आणि खरी गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. मी त्यांचा आवाज विसरत चालले होते. ‘गो, जेवलंस?’ हे त्यांचं रोजचं वाक्य मला आठवायचं, पण मनात ते माझ्याच आवाजात वाजायचं. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मी तो आवाज आठवायचा प्रयत्न करायचे आणि खडू तसाच धरून उभी राहायचे. आता जगात तो एकाच ठिकाणी शिल्लक होता, त्या पाऊण मिनिटात.

फॉर्म भरायला मी बसले, बाबा शेजारी. नाव, पत्ता, वाद्य. चौथा रकाना होता, ‘चाल’. इथे आम्ही दोघांनी जराही विचार केला नाही. भजनी माणसाच्या वहीत प्रत्येक गजराच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून पुढे सिनेमातल्या गाण्याचे पहिले शब्द लिहिलेले असतात. त्याशिवाय साथीला बसणाऱ्यांना कळणार कसं? बाबांनी पाटीवर ते गाणं लिहिलं, सिनेमाचं नाव लिहिलं, वर संगीतकाराचंही लिहिलं आणि खाली रेघ मारली. मी सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच, पण तेव्हा मला माझ्या अक्षराचं कौतुक वाटत होतं.

मग वाट बघणं सुरू झालं. पोस्टमन दिसला की मी वर्गातून व्हरांड्यात यायचे. पाकीट पोचलं का, वाटेत हरवलं का, सही वाकडी तर झाली नसेल? मुलांना मी पंधरवडाभर तेरावा धडाच शिकवत होते, हे त्यांनीच मला सांगितलं.

जूनमध्ये घरी फोन आला. कंपनीतले एक गृहस्थ बोलत होते, बोलायला सभ्य.

‘बाई, तुम्ही चाल सिनेमाची असल्याचं लिहून दिलंय.’

‘हो. आहेच ती.’

‘तिथेच अडलंय. त्या गाण्याचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे आहेत. त्यांचा आकडा आम्हाला परवडणारा नाही. पूर्वी टीव्हीवर एकदा दाखवायचं असायचं, कुणी विचारत नव्हतं. आता विकायला काढायचं म्हटलं की एकेका सुराची परवानगी लागते.’

‘मग त्या भागाचं काय?’

‘भाग राहील. तेवढ्या जागेचा आवाज काढून दुसरं संगीत घालू.’

मी खुर्चीवर बसले. आवाज काढून. ते सहज म्हणाले, आणि त्यांची काही चूकही नव्हती.

मग ते हळू आवाजात म्हणाले, ‘चाल पारंपरिक आहे, असं वडिलांच्या सहीचं नवीन पत्र महिनाअखेरपर्यंत पाठवता आलं, तर मी वर बोलून बघतो. तुमचा पहिला फॉर्म चुकून भरला गेला, असं म्हणू.’

त्या संध्याकाळी मी पत्र लिहिलं. दोनच ओळी. शाळेत खोटं बोलू नका म्हणून मुलांना उभं करणारी मी, त्या दोन ओळी एका दमात लिहून मोकळी झाले. पण बाबांपुढे तो कागद मी उघड ठेवलाच नाही. रेशनकार्डाचा अर्ज, लाईटबिलाची तक्रार, आणि मधे हे पत्र. ‘बाबा, हय सयो करा,’ मी म्हणाले आणि दुसरीकडे बघत राहिले.

ज्या माणसाने तीस वर्षं खिळे जुळवले, उलटी अक्षरं सुलटी वाचली, त्याच्यापुढे मी कागद लपवत होते. त्यांनी रेशनचा अर्ज वाचून सही केली. मग पत्र वाचलं. दोनदा वाचलं. पेन टोपणात घातलं आणि पाटी ओढली.

‘आवाज माझो. चाल त्येंची.’

‘बाबा, ह्या नुसता कागदार लिवचा आसा. कोणाचा काय जातला?’

त्यांनी पाटी पुसली. ‘भरल्या बारीत सांगान गायलंय, ह्या गाण्याची चाल म्हणान. आता नाय कसा म्हणू?’

बारी म्हणजे दोन बुवांचा सामना. गावोगावच्या शेकडो लोकांसमोर त्यांनी चालीचं नाव उघड सांगून गाणी म्हटली होती, हे मलाही ठाऊक होतं. पण माझा तोल गेला. मी ओरडले. ‘तुमका तुमचो आवाज आयकूक नको आसात, माका व्हयो! माका आठवणा नाय तो!’

जे कुणाला सांगितलं नव्हतं ते असं तोंडातून निघून गेलं. स्वयंपाकघरातून आई दारात आली आणि परत गेली. बाबांनी पाटी पुन्हा पुसली. मग बारीक अक्षरात त्यांनी लिहिलं, ‘माका पण व्हयो.’

आणि सही न करता पत्र माझ्या हातात परत दिलं.

मी ते फाडलं नाही. महिनाअखेरपर्यंत पर्समध्ये ठेवून हिंडले. त्यांची सही मला हुबेहूब येत होती, लहानपणी प्रगतिपुस्तकावर करून झाली होती. दोनदा मी कणकवलीच्या पोस्टापर्यंत गेले. दोन्ही वेळा परत आले. माझ्या प्रामाणिकपणाचं कुणी कौतुक करू नये. ‘माका पण व्हयो’ म्हणणाऱ्या माणसाने जे केलं नाही ते मला करवलं नाही, एवढंच.

श्रावणात कणकवलीच्या स्टँडजवळच्या दुकानात संच आला. रविवारी दुपारी आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. तीन वाजता लोडशेडिंग, म्हणजे हातात तासभर. तरीही मनात वेडी आशा होतीच, की विसरले असतील, राहून गेलं असेल.

घरमालक जिना उतरला. खालच्या खोलीत बाबा दिसले, काळ्या केसांचे, पेटीवर वाकलेले. त्यांनी मान वर केली, तोंड उघडलं, आणि कीबोर्डची टुणटुण सुरू झाली. सर्कशीत माकडं सायकल चालवतात तेव्हा वाजते तसली. त्या टुणटुणीवर घरमालक उगाचच ठेका धरत होता. त्याचं एक वाक्यही गाण्याबरोबर धुऊन गेलं होतं. हसू कुणालाच आलं नसतं.

मला बाबांकडे बघवेना. मी बंद करायला उठले, तर त्यांनी माझा हात धरला आणि बोटाने खूण केली, मागे घे.

मागे घेतलं. परत. परत. सहाव्या वेळेला माझ्या लक्षात आलं की ते टीव्हीतल्या स्वतःच्या ओठांकडे बघताहेत. मांडीवर पाटी होती. अर्ध्या तासात रचलेला तो गजर त्यांच्या कुठल्या वहीत नव्हता आणि त्यांना आठवतही नव्हता. स्वतःचं तोंड वाचून ते एकेक शब्द लिहीत होते. तीन वाजता लाईट गेली तेव्हा दोन ओळी झाल्या होत्या. पुढचे तीन दिवस लाईट असेल तेव्हा हेच चाललं. चौथ्या ओळीला पखवाजवाल्याचं डोकं आडवं येतं. ती ओळ त्यांनी डोळे मिटून नवीन रचली.

मग मला वहीत उतरवायला लावलं. पहिली ओळ त्यांनी स्वतः लिहिली, ‘चाल’, आणि पुढे त्या गाण्याचे शब्द.

पेटी बाहेर निघाली. त्यांनी सूर धरला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी कधी चार माणसांत गायले नव्हते. वही धरून कशीबशी सुरू झाले. दोन ओळी बऱ्या गेल्या. आत आई विळीवर नारळ खोवत होती, ती तिथूनच म्हणाली, ‘ह्या पट्टीत खंय गायत होतात तुमी? चेडवाक सोपा पडाचा म्हणान खाली धरू नकात. काळी पाच धरा.’

बाबांनी चोरी पकडली गेल्यासारखं माझ्याकडे बघितलं आणि बोटं त्या वरच्या पट्टीवर सरकवली.

मी दम घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिसऱ्या ओळीला चाल वर चढते. तिथे माझा आवाज फाटला, मधोमध चिरला, आणि त्या क्षणी मला बाबांचा आवाज आठवला. तो तिथेच फाटायचा. माझं गाणं थांबलं तरी बाबा वाजवत राहिले, आणि आतलं नारळ खोवणं थांबलं होतं.