रविवारी सकाळचं उड्डाण

माझे सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे वेलिंग्टनला आले आणि लॉकडाऊनमध्ये अडकले. परतीचं तिकीट दोनदा रद्द झालं. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी अख्खी नोकरी तपासनीस म्हणून केली होती. मशीनवरून आलेला भाग मोजायचा, पास करायचा नाहीतर परत पाठवायचा. आमच्या जॉन्सनव्हिल उपनगरातल्या घरात त्यांना मोजायला काही नव्हतं. दिवसभर मी जेवणाच्या टेबलावर ऑफिसचे कॉल घ्यायची आणि ते माझ्या नवऱ्याचं जाड जॅकेट घालून खिडकीपाशी बसायचे.

त्या महिन्यांत अमेरिकेतली एक खासगी कंपनी स्वतःच्या यानातून पहिल्यांदा माणसं अंतराळात पाठवणार होती. बाबांनी ते कुठेतरी वाचलं. टीव्ही आम्ही घेतलेला नव्हता आणि त्यांचा फोन बोलण्यापुरताच, त्यामुळे संध्याकाळी माझं काम संपलं की ते विचारायचे, "पाच मिनिटं लॅपटॉप मिळेल का?" मग आधीच्या चाचण्यांची रेकॉर्डिंग्ज लावायची. एका चाचणीत माणसं बसायची कुपी रिकामीच ठेवून मुद्दाम उडत्या रॉकेटपासून तोडून समुद्रात उतरवली होती. ती त्यांनी तीनदा पाहिली.

"आता माणूस बसवायला हरकत नाही," ते म्हणाले, जणू सही त्यांचीच लागणार होती.

उड्डाणाचा दिवस आमच्याकडे गुरुवार होता, सकाळची वेळ. मी पहिली मीटिंग पुढे ढकलली. आमची सहा वर्षांची लेक, मी आणि बाबा लॅपटॉपसमोर बसलो. दोन अंतराळवीर खुर्च्यांना पट्ट्यांनी बांधलेले. शेवटची काही मिनिटं उरली असताना हवामानामुळे उड्डाण थांबवलं.

"व्हाय डिड दे स्टॉप, आजोबा?" लेकीने विचारलं.

"बरोबर वाटलं नाही म्हणून थांबवलं. सगळं जग बघत असताना नको म्हणणं सोपं नसतं, बाळा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नको म्हणणारा माणूस कोण होता, ते दाखवलं नाही बघ."

एकदा त्यांनी निघालेला ट्रक गेटवर थांबवून माल परत उतरवला होता, त्याबद्दल साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं होतं. ही गोष्ट त्यांनी त्या सकाळी पहिल्यांदा सांगितली. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण बाबा आणि मी इतका वेळ कधी बोललो नव्हतो.

पुढचा प्रयत्न रविवारी सकाळी होता, सात वाजून गेल्यावर. नवऱ्याची त्या दिवशी पहाटेची शिफ्ट होती. शनिवारी जेवताना बाबांनी विचारलं, "उठशील ना? नाहीतर लॅपटॉप सुरू करून ठेव, मी बघेन."

"उठेन की, बाबा."

सकाळी सात वाजता दारावर हलकेच टकटक झाली. "अगं, उठलीस का? वेळ झाली."

मी जागी होते. बाहेर अजून अंधार होता, दक्षिणेचा वारा खिडकीवर आदळत होता, लेक माझ्या कुशीत झोपली होती. कित्येक आठवडे माझ्या प्रत्येक तासावर कुणाचा ना कुणाचा हक्क होता. मला एक सकाळ हवी होती, एवढंच. मी उत्तर दिलं नाही. ते थोडा वेळ थांबले, पुन्हा एकदा अगदी हळू टकटक केलं. मग त्यांची पावलं स्वयंपाकघराकडे गेली. चहाच्या भांड्याचा आवाज आला. आत्ता उठले तरी चालेल, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं आणि पडून राहिले.

आठला बाहेर आले. बाबा लॅपटॉपसमोर बसले होते. स्क्रीनवर पासवर्डची चौकट होती.

"ऑफिसचा आहे, म्हणून पुढे हात लावला नाही," ते म्हणाले. "गेलं का वर?"

मी फोनवर पाहिलं. "गेलं, बाबा. व्यवस्थित गेलं."

"चांगलं झालं."

मी रेकॉर्डिंग लावून दिलं. उलटी मोजणी सुरू झाली तेव्हा मी त्यांच्याकडे पाहत होते. हातात कप धरून ते शांत बसले होते. गुरुवारी खुर्चीच्या कडेवर येऊन बसलेला माणूस तो नव्हता. संपल्यावर "थँक्यू" म्हणाले. घरात ते मला कधी थँक्यू म्हणत नसत.

त्यानंतर त्यांनी लॅपटॉप मागितला नाही. मी दोनतीनदा आपणहून विचारलं, तर "तुझं काम होऊ दे," म्हणाले. काही आठवड्यांनी विशेष विमानात जागा मिळाली आणि ते पुण्याला परतले. ते अंतराळवीर समुद्रात उतरले त्या दिवशी मी त्यांना नवऱ्याच्या पुतणीच्या फोनवर लिंक पाठवली. तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

सीमा उघडल्यावर आम्ही पुण्याला गेलो. एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "बाबा, त्या रविवारी तुम्ही दार वाजवलं होतं..."

"तुझा डोळा लागला असेल," ते लगेच म्हणाले. "किती दमायचीस तू तेव्हा."

मला खरं सांगायचं होतं. ते सांगायलाच मी त्यांच्याजवळ जाऊन बसले होते. पण त्यांनी कारण इतकं अलगद पुढे केलं, की मी "हो" म्हणून गेले. ते मान हलवून पुन्हा पेपर वाचू लागले.

पुढच्या वर्षी ते गेले. नवऱ्याला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "त्यांच्या लक्षातही राहिलं नसेल." पण मी दार म्हटल्याबरोबर त्यांना कुठला रविवार ते कळलं होतं, आणि मी जागी होते हेही त्यांना माहीत असावं, असं मला वाटतं.