फोरमनची माया

माझे काका वेल्डर. तरुणपणी त्यांनी एका टाकीचे जोड न तपासताच ‘तपासले’ म्हणून सही ठोकली आणि फोरमनने त्यांना त्याच दिवशी घरी बसवलं. तेव्हापासून काका प्रत्येक जोड दोनदा तपासतात, घरातल्या मोडक्या खुर्चीचासुद्धा. वीट आणतात अगदी.

यंदा त्यांना लष्करी कारखान्याच्या, बाहेरच्यांना बंदी असलेल्या विभागात काम मिळत होतं. पण आधी चौकशी. फॉर्मवर प्रश्न होता : पूर्वी कधी नोकरीवरून काढलं आहे का?

काकू म्हणाली, “बावीस वर्षं झाली. आता कोण उकरून काढतंय?”

तीन दिवस काकांना अन्न गोड लागलं नाही. शेवटी त्यांनी सगळं खरं लिहिलं.

पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. चौकशी अधिकाऱ्याने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. “तुम्ही म्हणता, खोट्या सहीमुळे काढलं. आम्ही विचारल्यावर तुमचे तेव्हाचे फोरमन लिहून देतात, हा स्वतःहून गेला, कामात खोट नव्हती. खोटं कोण बोलतंय?”

काका म्हणाले, “म्हातारे झालेत, साहेब. माझं भलं व्हावं म्हणून लिहिलं असेल.”

“मग तसं लिहून द्या : फोरमनचा जबाब खोटा आहे. खाली सही करा. पुढे त्यांच्यावर काय करायचं ते आम्ही बघू.”

काकांनी तसं लिहिलं आणि कागद दोनदा वाचला. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वीची खोटी सही त्यांनी एका झटक्यात ठोकली होती. या खऱ्या सहीला मात्र हात उचलेना.